कीर्तनाचा आवाज चित्रफितीला जोडताना

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. गावच्या सप्ताहातील काल्याच्या कीर्तनाचे चित्रीकरण आपण मोबाइलवर केले आणि आवाज मिक्सरमधून वायर काढून हातात मावणाऱ्या रेकॉर्डरवर एमपी३ स्वरूपात घेतला. दोन्ही एकत्र लावल्यावर सुरुवातीला ओठ आणि शब्द जुळतात, परंतु शेवटच्या गजरापर्यंत आवाज मागे पडलेला असतो. शिवाय परदेशातील एका नातेवाइकाने व्हॉट्सॲपवर पाठवलेले ध्वनिमुद्रित प्रास्ताविक आपले संपादनाचे सॉफ्टवेअर उघडतच नाही. या सर्वांवर उपाय म्हणून कोणता कन्व्हर्टर वापरावा, असे आपण विचारले आहे.

अनेक वर्षे हेच काम करत आल्यामुळे सुरुवातीलाच सांगतो की यातील प्रास्ताविकाची अडचण तेवढी रूपांतराची आहे. आवाज मागे पडणे ही घड्याळांची अडचण आहे आणि ती कोणत्याही कन्व्हर्टरने सुटत नाही. उलट, कारण न ओळखता फाइल एका स्वरूपातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात नेत राहिल्याने आवाजाचा दर्जा तेवढा घसरतो. म्हणून आधी निदान करू.

आवाज आणि चित्र चार प्रकारे चुकतात, आणि चारही प्रकारांची लक्षणे वेगळी असतात. आवाज पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत सारख्याच अंतराने पुढे किंवा मागे असेल, तर तो केवळ सुरुवातीचा फरक असतो आणि संपादनात आवाजाची पट्टी सरकवली की काम होते. फरक सावकाश, एकसारखा वाढत जात असेल, तर दोन यंत्रांच्या घड्याळांत तफावत आहे. मध्येच एका ठिकाणी एकदम उडी पडत असेल, तर रेकॉर्डरने फाइलचे दोन तुकडे केले आहेत आणि जोडताना काही भाग गळला आहे, किंवा मोबाइलने चित्रीकरण करताना चौकटी (फ्रेम) गाळल्या आहेत. आणि आवाजाचा सूरच बदललेला असेल, म्हणजे महाराजांचा आवाज चढा आणि घाईचा वाटत असेल, तर सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले तो आकडा, चुकीचा वाचला गेला आहे.

हा शेवटचा प्रकार कानाला लगेच कळतो, म्हणून तो आधी बाजूला करू. ४४.१ किलोहर्ट्झवर घेतलेली फाइल एखाद्या सॉफ्टवेअरने ४८ किलोहर्ट्झची समजून वाजवली, तर वेग सुमारे ८.८ टक्क्यांनी वाढतो. दोन तासांचे कीर्तन एक तास पन्नास मिनिटे आणि पंधरा सेकंदांत आटोपते आणि सूर जवळपास दीड स्वर-पट्टीने वर जातो. पेटीच्या भाषेत बोलायचे तर काळी एकमध्ये गाणारा माणूस पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधोमध कुठेतरी गाऊ लागतो. काही स्वस्त कन्व्हर्टर फाइलमधील नमुने नव्याने न मोजता केवळ फाइलच्या शीर्षभागातील सॅम्पल रेटचा आकडा बदलतात, त्यातून हा घोटाळा होतो. आपल्या वर्णनात सुराची तक्रार नाही, तेव्हा हे कारण आपल्याला लागू नाही.

आपले लक्षण सावकाश वाढणाऱ्या फरकाचे आहे, आणि त्यासाठी एक सोपी परीक्षा आहे. संपादनाच्या टाइमलाइनवर मोबाइलची चित्रफीत तिच्या स्वतःच्या आवाजासह ठेवावी आणि शेवटच्या दहा मिनिटांत महाराजांचे ओठ व मोबाइलचाच आवाज जुळतो का, ते पाहावे. तो जुळत असेल तर मोबाइल निर्दोष आहे आणि तफावत मोबाइल व रेकॉर्डर यांच्या घड्याळांत आहे. मोबाइलचा स्वतःचा आवाजही त्याच्या चित्राशी जुळत नसेल, तर दोष बदलत्या फ्रेम रेटचा, म्हणजे सेकंदाला घेतल्या जाणाऱ्या चौकटींच्या संख्येचा, आहे. मोबाइल सेकंदाला नेमक्या ३० चौकटी घेतोच असे नाही. मंडपात प्रकाश कमी झाला किंवा यंत्र तापले की तो चौकटींची संख्या खाली आणतो, आणि काही संपादन सॉफ्टवेअर मात्र ती संख्या स्थिर आहे असे गृहीत धरतात. अशा वेळी आवाजाला हात न लावता चित्रफीतच आधी हँडब्रेक किंवा एफएफएमपेगसारख्या मोफत साधनाने स्थिर फ्रेम रेटची करून घ्यावी आणि मगच संपादनाला बसावे.

बहुतेक वेळा मात्र कारण घड्याळांचेच निघते. प्रत्येक डिजिटल यंत्रात स्फटिकाचे एक घड्याळ असते आणि सेकंदाला किती नमुने घ्यायचे, ते त्यावरून ठरते. रेकॉर्डरच्या दृष्टीने एक सेकंद म्हणजे ४४,१०० नमुने, परंतु त्याचा सेकंद आणि मोबाइलचा सेकंद तंतोतंत समान नसतात. दहा लाखांत पन्नास भागांचा फरक ग्राहक वर्गातील यंत्रांत सहज आढळतो आणि तो तासाला ०.१८ सेकंद होतो. चार मिनिटांच्या गाण्यात हे कुणाच्या लक्षात येत नाही. दोन तासांत तो ०.३६ सेकंदांवर, म्हणजे सेकंदाला २५ चौकटी धरल्यास नऊ चौकटींवर जातो आणि मग टाळ आधी आपटलेला दिसतो व नंतर ऐकू येतो.

यावर दोन उपाय आहेत. पहिला मोजमापाचा. सुरुवातीला टाळांचा एक स्वच्छ ठोका आणि शेवटच्या गजरातील एक ठोका मोबाइलच्या आवाजात व रेकॉर्डरच्या आवाजात शोधावा आणि दोन ठोक्यांमधील अंतर दोन्हींत मोजावे. समजा, मोबाइलमध्ये ते ६,६०० सेकंद आहे आणि रेकॉर्डरमध्ये ६,६००.३६ सेकंद. याचा अर्थ रेकॉर्डरची फाइल ०.००५५ टक्क्यांनी लांब आहे आणि तेवढाच वेग वाढवला की ती जुळते. ऑडॅसिटी या मोफत ध्वनिसंपादन साधनामध्ये वेग बदलण्याची सोय आहे. तिने सूरही बदलतो, परंतु एवढ्या सूक्ष्म प्रमाणात तो बदल कोणत्याही कानाला जाणवण्याजोगा नसतो. सूर तसाच ठेवून केवळ लय बदलणारे साधन येथे मुद्दाम टाळावे, कारण ते आवाजाचे तुकडे करून पुन्हा विणते आणि पखवाजाच्या थापेची धार बोथट करते.

दुसरा उपाय मी स्वतः अधिक वापरतो. महाराज श्वास घेण्यासाठी थांबतात, एखादे प्रमाण (दाखल्याचा अभंग) संपते, टाळकरी क्षणभर विसावतात, अशा जागी आवाजाची पट्टी कापून एक किंवा दोन चौकटी पुढे ओढायची. दोन तासांत अशा पाच-सहा जागा पुरतात. माणसाचा मेंदू याबाबतीत बराच क्षमाशील आहे : आवाज चित्राच्या पुढे असेल तर साधारण ४५ मिलिसेकंदांनंतर तो खटकू लागतो, पण मागे असेल तर सव्वाशे मिलिसेकंदांपर्यंत बहुतेकांना कळत नाही, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत नमूद आहे. निसर्गातही विजेचा लखलखाट आधी आणि गडगडाट नंतर येतो. त्यामुळे मागून येणाऱ्या आवाजाची आपल्याला सवय आहे. म्हणून शंका असेल तेव्हा आवाज किंचित मागे ठेवावा, पुढे कधीही नाही.

या ठिकाणी एक कळकळीची सूचना. मिक्सरचा आवाज चांगला आला म्हणून मोबाइलचा आवाज आधीच पुसून टाकू नये. तो जुळवणीचा एकमेव साक्षीदार असतो. शिवाय मिक्सरमध्ये फक्त ज्यांच्यापुढे माइक होता त्यांचाच आवाज येतो, मागे उभ्या टाळकऱ्यांचा आणि समोरच्या श्रोत्यांचा नाही. मंडपाचा जिवंतपणा मोबाइलच्या आवाजातच असतो आणि तो मुख्य आवाजाखाली हळू लावला की कीर्तन स्टुडिओत झाल्यासारखे वाटत नाही. मात्र मोबाइल १५ मीटर मागे असेल, तर ध्वनीच्या सेकंदाला ३४३ मीटर या वेगाने तेथे आवाज सुमारे ४४ मिलिसेकंद उशिरा, म्हणजे एका चौकटीपेक्षा थोडा अधिक मागे पोहोचलेला असतो. तेवढा सरकवून घेतला नाही तर शब्द दुहेरी, डब्यातून बोलल्यासारखे ऐकू येतात.

आता प्रत्यक्ष रूपांतराकडे वळतो. प्रथम फाइलचे आडनाव (नावाच्या शेवटी टिंबानंतर येणारी अक्षरे) आणि आतला माल यांत फरक करावा लागतो. एमपी४, एमओव्ही, एमकेव्ही हे डबे आहेत. पेटी हा शब्द मी मुद्दाम टाळतो, कारण आपल्या मंडळींना पेटी म्हटले की हार्मोनियमच आठवते. डब्याच्या आत आवाज कोणत्या पद्धतीने भरला आहे, हा वेगळा प्रश्न. एमपी४ या डब्यात बहुधा एएसी या दाबून भरण्याच्या पद्धतीचा आवाज असतो, एमओव्हीमध्ये एएसी असू शकतो किंवा अजिबात न दाबलेला पीसीएमही असू शकतो. त्यामुळे माझी फाइल एमपी४ आहे, तरी सॉफ्टवेअर आवाज का दाखवत नाही, या तक्रारीला डबा पाहून उत्तर देता येत नाही. उदाहरणार्थ, डाविंची रिझॉल्व्ह हे सॉफ्टवेअर लिनक्सवर वापरणाऱ्यांना अनेकदा एएसी आवाज ऐकूच येत नाही, जरी त्याच फाइलचे चित्र नीट दिसत असले तरी. मीडियाइन्फो हे लहानसे मोफत साधन फाइल उघडून आतील पद्धत, सॅम्पल रेट, चॅनेलची संख्या आणि फ्रेम रेट स्थिर आहे की बदलता, हे सर्व सांगते. कोणतेही रूपांतर करण्यापूर्वी ते पाहण्याची सवय लावून घ्यावी.

आपल्या नातेवाइकाचे प्रास्ताविक याच कारणाने अडले आहे. व्हॉट्सॲपचा ध्वनिसंदेश ऑग या डब्यात ओपस पद्धतीने भरलेला असतो. ओपस ही उत्तम आणि खुली पद्धत आहे, परंतु संपादनाची अनेक सॉफ्टवेअरे ती ओळखत नाहीत. जुन्या मोबाइलवरील मुद्रणे एएमआर स्वरूपात मिळतात, त्यांची गतही तीच होते. शिवाय साध्या एएमआरचा सॅम्पल रेट ८ किलोहर्ट्झ असल्याने त्यात ४ किलोहर्ट्झच्या वरचे काहीच नसते आणि ‘स’ व ‘श’ यांतील फरकही धूसर होतो. या दोन्ही प्रकारच्या फाइली एफएफएमपेगने किंवा व्हीएलसीच्या रूपांतराच्या सोयीने वेव्ह या न दाबलेल्या स्वरूपात आणाव्यात. ऑडॅसिटीनेही हे होते, मात्र तिला काही स्वरूपांसाठी एफएफएमपेगची जोड स्वतंत्रपणे द्यावी लागते. या रूपांतरामुळे फाइल उघडेल, परंतु गेलेला आवाज परत येणार नाही, ही अपेक्षा स्पष्ट असावी. शक्य असेल तर त्या नातेवाइकाला मोबाइलच्या रेकॉर्डर ॲपमध्ये पुन्हा बोलून ती फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगावे. दोन मिनिटांच्या प्रास्ताविकासाठी एवढी तसदी कुणी नाकारत नाही.

रेकॉर्डरच्या एमपी३ फाइलचेही संपादनाआधी वेव्ह करावे, आणि तेही ४८ किलोहर्ट्झचे. दर्जा वाढावा म्हणून हे करत नाही. एमपी३ला वेव्ह केल्याने दर्जा कणभरही वाढत नाही, फक्त फाइल मोठी होते. कारणे दुसरी आहेत. बदलत्या बिटरेटच्या, म्हणजे सेकंदाला कमी-अधिक माहिती साठवणाऱ्या, एमपी३मध्ये अमुक मिनिटाला फाइलमधील नेमकी कोणती जागा येते, हे काही सॉफ्टवेअर अंदाजाने ठरवतात आणि तो अंदाज चुकला की जुळवणी बिघडते. शिवाय एमपी३ तयार करताना आवाजाच्या आधी काही रिकामे नमुने आपोआप जोडले जातात, वाजवतानाही थोडी भर पडते, आणि ही भर प्रत्येक सॉफ्टवेअर सारख्याच निष्ठेने काढून टाकत नाही. एएसीमध्येही असेच घडते. एकदा वेव्ह करून घेतले की पुढे सर्वत्र एकच लांबी मिळते.

४८ किलोहर्ट्झच का, याचे कारण हिशेबात आहे. ४८,००० या संख्येला २४, २५ आणि ३० या तिन्ही फ्रेम रेटनी निःशेष भाग जातो, त्यामुळे प्रत्येक चौकटीच्या वाट्याला अनुक्रमे २,०००, १,९२० आणि १,६०० असे पूर्ण नमुने येतात. चित्रपट, दूरचित्रवाणी आणि चित्रफितींच्या क्षेत्रात म्हणूनच हा दर रूढ झाला. गमतीचा भाग असा की ध्वनितबकडीचा (सीडीचा) ४४.१ हा अवघड आकडाही मुळात चित्रफितीतूनच आला आहे. आरंभीच्या काळात डिजिटल आवाज व्हिडिओ कॅसेटवर साठवत असत आणि चित्राच्या एका ओळीत तीन नमुने बसवत. अमेरिकी पद्धतीत सेकंदाला ६० क्षेत्रे (अर्ध्या चौकटी) आणि प्रत्येकात २४५ ओळी, युरोपीय पद्धतीत ५० क्षेत्रे आणि २९४ ओळी. ओळीतील तीन नमुने धरून दोन्ही गुणाकार ४४,१०० येतात. आज तो हिशेब कुणालाही लागत नाही, पण आकडा मात्र आपल्या रेकॉर्डरमध्ये ठाण मांडून बसला आहे.

४४.१चे ४८ करताना १४७ नमुन्यांच्या जागी १६० नवे नमुने गणिताने काढावे लागतात. चांगल्या साधनात हे काम इतके स्वच्छ होते की फरक ऐकून सांगता येत नाही, मात्र फाइलमध्ये आवाज कमाल पातळीला टेकलेला असेल तर नवे नमुने त्या मर्यादेच्या वर जाऊन फाटू शकतात. म्हणून रूपांतरापूर्वी आवाज एक-दोन डेसिबलने खाली घ्यावा. वेव्ह २४ बिटची ठेवावी. मूळ एमपी३ला त्याचा लाभ नसला तरी पुढे पातळी वर-खाली करताना आणि मिसळताना जागा राहते. दोन चॅनेलची अशी फाइल मिनिटाला सुमारे १७.३ मेगाबाइट जागा घेते, म्हणजे दोन तासांना साधारण दोन गिगाबाइट. आजच्या हार्ड डिस्कच्या मानाने हे काहीच नाही.

एमपी३वरून पुन्हा एमपी३ करण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा, आणि याबाबतीत मी स्वतः पोळलो आहे. सुरुवातीच्या काळात एका कीर्तनाची १२८ किलोबिटची एमपी३ मी कापली आणि पुन्हा एमपी३ म्हणून ठेवली, तिची पातळी वाढवून पुन्हा ठेवली, आणि शेवटी चित्रफितीत ती एएसी होऊन आणखी एकदा दाबली गेली. बोलणे ठीक ऐकू येत होते, परंतु टाळ पाण्यात बुडवून वाजवल्यासारखे झाले होते. दाबणारी प्रत्येक पद्धत आपल्या कानाला कळणार नाही असा भाग टाकून देते. टाळांचा नाद उंच कंप्रतांमध्ये पसरलेला आणि क्षणाक्षणाला बदलणारा असल्यामुळे तोच सर्वात आधी बळी पडतो; १२८ किलोबिटच्या एमपी३मध्ये साधारण १६-१७ किलोहर्ट्झच्या वरचा भाग तर पहिल्याच फेरीत कापला जातो. नुसत्या भाषणाला हे खपून जाते. वारकरी कीर्तनाला खपत नाही. म्हणून मूळ फाइल ते वेव्ह हे एक रूपांतर सुरुवातीला, वेव्ह ते एएसी हे दुसरे अगदी शेवटी, आणि मधले सर्व काम वेव्हमध्येच.

मिक्सरमधून आलेल्या आवाजाबाबत आणखी एक तपासणी करावी. पुष्कळदा डाव्या चॅनेलमध्ये मिक्सर आणि उजव्यात रिकामेपण असते, किंवा डाव्यात मिक्सर आणि उजव्यात मंडपातील स्वतंत्र माइक असतो. अशा फाइलला कन्व्हर्टरमध्ये थेट मोनो निवडल्यास पहिल्या प्रकारात आवाज निम्मा होतो आणि दुसऱ्या प्रकारात दोन वेगळ्या अंतरांवरचे आवाज एकमेकांवर आदळतात. चॅनेल वेगळे करून दोन मोनो फाइली करणे, आणि त्यांचे प्रमाण टाइमलाइनवर कानाने ठरवणे, हाच योग्य मार्ग.

संपादन झाल्यावर यूट्यूबसाठी एमपी४ डबा, एएसी-एलसी (एएसीचा नेहमीचा प्रकार) आवाज, ४८ किलोहर्ट्झ आणि स्टिरिओसाठी ३८४ किलोबिट ही त्या सेवेने सुचवलेली मांडणी निवडावी. तेथे आपली फाइल पुन्हा दाबली जाणारच आहे, म्हणून आपल्याकडून ती जितकी कमी दाबलेली जाईल तितके बरे. पातळी वाढवण्याचा अट्टहास करू नये. उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणारी आवाजाची पातळी मोजण्याचे एकक) वर गेलेला आवाज यूट्यूब स्वतःच खाली आणते, आणि तेथवर जाण्यासाठी आपण पखवाजाच्या थापा चेपून टाकलेल्या असतात. शिखरे उणे १ डेसिबलच्या आत राहिली की पुरे. पुढे केवळ आवाजात एखादी दुरुस्ती करावी लागली, तर संपूर्ण चित्रफीत पुन्हा दाबण्याचे कारण नाही. एफएफएमपेग चित्राला हात न लावता जसेच्या तसे उचलून नव्या आवाजासह नव्या डब्यात भरू शकते, आणि दोन तासांच्या फाइलला त्यासाठी काही मिनिटे लागतात.

पुढील वर्षीच्या सप्ताहासाठी रेकॉर्डरमध्ये एमपी३ऐवजी वेव्ह, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ ही निवड आधीच करून ठेवावी. पुष्कळ रेकॉर्डर दोन गिगाबाइट झाल्यावर फाइल तोडून दुसरी सुरू करतात. या मांडणीत ती वेळ साधारण दोन तास चार मिनिटांनी येते, आणि काल्याचे कीर्तन तेवढे लांबण्याची शक्यता दाट असते. तेव्हा दोन्ही फाइली जपाव्यात आणि जोडताना मध्ये काही गळले नाही ना, ते पाहावे. मिक्सरवरच आवाज फाटत असेल तर रेकॉर्डर कितीही चांगला असला तरी तो फाटलेलाच घेईल, म्हणून ध्वनिक्षेपकवाल्याशी आदल्या दिवशी बोलून घ्यावे. आणि एका टाळकऱ्याला विनंती करावी की कीर्तन सुरू होण्यापूर्वी एकदा आणि आरती संपल्यावर एकदा, मोबाइलला दिसेल असा उभा राहून टाळांचा एकच मोकळा ठोका द्यावा.